आधी माळ्यावर अंधार करून बसा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: देवगड तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. यजमान निवृत्त झाल्यावर दोघं डोंबिवलीहून गावच्या घरी राहायला आली, त्याला दीड वर्ष झालं. घर चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं, 70 वर्षांहून जुनं. चुलत दिरांच्या वाटणीच्या दोन खोल्या कुलपातच असतात. सोबत 84 वर्षांच्या सासूबाई. पावसाळा लागल्यापासून माळ्यावर रात्रभर उंदरांची धावपळ असते. श्रावणात यजमानांनी विषाच्या वड्या टाकल्या, तर एक उंदीर फळ्यांमागे मेला आणि आठ दिवस माजघरात बसवेना. गणपतीत मखराचं कापड कुरतडलेलं निघालं, नातीच्या खाऊचा प्लास्टिकचा डबा फोडलेला सापडला. नात 3 वर्षांची. सून जाताना म्हणाली, "हे बंद होईपर्यंत मी हिला इथे आणणार नाही." यजमान म्हणतात, जुन्या घरात उंदीर असणारच, कौलं उतरवून स्लॅब टाकू. सासूबाई म्हणतात, गणपतीचं वाहन आहे, मारायचं नाही, आणि माझ्या डोळ्यांदेखत छप्पर उतरवायचं नाही. ताई विचारतात: विष, मांजर की स्लॅब? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "मी दिवसातून दोनदा केर काढते, तरी शेजारीण घरात आली की मला लाज वाटते."

ताई,

तुमचे तीन प्रश्न बाजूला ठेवून मी आधी त्या शेवटच्या ओळीकडे येते, कारण पत्र वाचून झाल्यावर तीच मनात घोळत राहिली. घर घाण असतं म्हणून उंदीर येतो, असं नाही. त्याला अंग शिरेल एवढं भोक लागतं, कोरडी अडगळ लागते आणि चार दाणे लागतात. घरातल्या लहान उंदराला दिवसाकाठी तीन-चार ग्रॅम खाणं पुरतं. एवढं तर तांदूळ निवडतानाही सांडतं. देवापुढच्या समईतली तेलकट वातसुद्धा तो पळवून नेतो.

माझं आजोळ गुहागरजवळचं. तिथे स्वयंपाकघरात दोन शिंकी टांगलेली असत, एकात दुधाचं भांडं, दुसऱ्यात लोण्याचं. शिंक्याच्या दोरीत मधोमध एक उलटी करवंटी ओवलेली होती. लहानपणी मला ती शोभेचीच वाटायची. पुढे एकदा आजीनेच दाखवलं: उंदीर वाशावरून दोरीने खाली उतरायला लागला की करवंटीच्या गुळगुळीत पाठीवर त्याचे पाय ठरत नाहीत. बंदरात मोठ्या बोटींच्या दोरांवर गोल तबकड्या अडकवतात, त्याही याचसाठी. आजीचं घर आरशासारखं लख्ख होतं आणि तरीही तिला शिंकं लागत होतं. तेव्हा शेजारीण आली तर तिला खुशाल घरात घ्या. तिच्याही माळ्यावर तेच चाललेलं असेल.

आता यजमानांचं म्हणणं, "जुन्या घरात उंदीर असणारच." यात खरं आहे ते एवढंच की जुन्या घराला फटी जास्त असतात. चिऱ्यांच्या सांध्यातली माती झडलेली असते, उंबरा झिजलेला असतो, दाराची फळी खालून कुजलेली असते. वळचणीला शेवटच्या कौलाची पन्हळ आणि खालची रीप यांच्यामध्ये अंगठा सहज जातो. पण ही फट घर बांधलं त्या दिवसापासून तिथेच आहे. मग उंदीर आत्ताच एवढे कसे वाढले?

पत्रात तुम्ही बंद खोल्यांचा उल्लेख एका ओळीत उरकलात. माझ्या मते अर्धं उत्तर त्या कुलपामागे आहे. हे घर दहा-बारा माणसांचं होतं तेव्हा माळ्यावर रोज कुणाचा तरी पाय पडत असे. कुणी नारळ काढायला जाई, कुणी कांद्याची माळ आणायला, मुलं लपायला जात. खाली दिवसभर चूल, धूर, बोलणी. आज घराच्या एका भागात तीन माणसं राहतात, आणि भिंतीपलीकडे जुन्या गाद्या, ट्रंका, वर्तमानपत्रांचे गठ्ठे असलेल्या दोन खोल्या गणपतीपुरत्या उघडतात. वरचा माळा तर सगळ्यांचा एकच. उंदराला वीण घालायला याहून चांगली जागा कुठे मिळणार? मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं होतात आणि ती पिल्लं दीड ते तीन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. तुमच्या खोलीत एकेक मारत राहिलात तरी पलीकडून भर पडतच राहणार.

म्हणून पहिलं काम अवघड आहे आणि ते माणसांचं आहे: चुलत दिरांना फोन करून किल्ली मागा. वाटणीचं घर म्हटलं की या गोष्टीला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. "तुमच्या खोलीतल्या गाद्या उंदरांनी फोडल्यात की काय बघायला हव्यात, उघडून फोटो पाठवते" असं सांगितलंत तर बहुतेक कुणी नाही म्हणणार नाही. सामानाला हात लावायचा तर त्यांना विचारूनच लावा. पण आठवड्यातून एकदा त्या खोल्या उघडा, दिवा लावा, वस्तू भिंतीपासून हातभर पुढे ओढा. गावाकडच्या बंद घरांबद्दल मला पत्रं येतात त्या सगळ्यांना माझं हेच सांगणं असतं. चाकरमान्यांनी एक किल्ली गावात ठेवावी आणि ज्याच्याकडे ठेवली त्याला खोली उघडायची मोकळीक द्यावी.

दुसरं काम म्हणजे नेमकं कोण येतंय ते बघायचं. लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी, टोकदार असेल तर लहान घरउंदीर. त्याला पेन्सिल जाईल एवढी, म्हणजे 6 मिलिमीटरची फट पुरते. लेंडी अर्ध्या इंचाची किंवा त्याहून लांब असेल तर मोठा उंदीर, नारळाच्या झाडावरून वाशांवर फिरणारा. तुम्ही लिहिलेली माळ्यावरची धावपळ बहुधा त्याचीच. जोत्याजवळ जमिनीत मूठभर रुंद बीळ आणि बाहेर ताज्या मातीचा ढीग असेल तर ती घूस. आणि लांब नाकाची, भिंतीच्या कडेकडेने चिक् चिक् करत जाणारी, उग्र वासाची असेल तर ती चिचुंद्री. ती उंदरांच्या जातीची नाही, झुरळं आणि किडे खाते. तिला जाऊ द्या.

आता तिसरं, आणि यासाठी यजमानांना सोबत घ्या. ऊन कडक असलेल्या दिवशी दुपारी बारा-एकला दोघं माळ्यावर जा. काचेचं कौल असेल तर त्यावर आतून पोतं धरा, दार-खिडक्या लावून घ्या आणि दहा मिनिटं गप्प बसा. डोळे अंधाराला सरावले की घर आपल्या फटी आपणच दाखवायला लागतं. कौलांच्या सांध्यातून केसाएवढी उजेडाची रेघ येते, ती सोडून द्या. पण वळचणीला गोल ठिपके दिसतील, भिंत आणि वाशाच्या मध्ये कवडसा पडलेला असेल, विजेची तार जिथून आत येते तिथे चकती दिसेल. प्रत्येक ठिकाणी खडूने खूण करा. ज्या भोकाच्या कडेला काळपट, तेलकट डाग आहे, ते रोजच्या वापरातलं. उंदराचं अंग एकाच जागी पुन्हा पुन्हा घासून तो डाग पडतो.

खालच्या घरासाठी उलट करा. रात्री आत दिवा लावून बाहेर खळ्यात आणि परसात उभं राहा, उजेड कुठून बाहेर येतो ते बघा. आणि झोपण्यापूर्वी भिंतीच्या कडेने रांगोळीचा पातळ थर पसरा. सकाळी त्यात इवली पावलं उमटलेली दिसतील, मधून शेपटीची ओढलेली रेघ. पावलं कुठून सुरू होतात, तिथे बघा.

बुजवायचं कशाने? इथे आपल्या किनाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. शहरातले लोक साधी लोखंडी जाळी सांगतात. खाऱ्या वाऱ्यात ती दोन-चार पावसाळ्यांत गंजून हातात येते आणि आपल्याला वाटत राहतं की भोक बंद आहे. पैसे थोडे जास्त गेले तरी स्टेनलेस स्टीलची जाळी घ्या, 6 मिलिमीटरपेक्षा मोठ्या छिद्राची नको. लहान भोकांत भांडी घासायची स्टीलची घासणी घट्ट कोंबा आणि वरून गिलावा करा. चिंध्या, कागदाचे बोळे, थर्मोकोल, फवाऱ्याचा फोम, लाकडी खुंटी यांतलं काहीच टिकत नाही. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, त्याला कुरतडावंच लागतं. चिऱ्यांच्या सांध्यात शक्यतो चुना-वाळू भरा. चिरा ओल शोषतो आणि सोडतो, वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते. गवंडी म्हणेल की सिमेंट झटपट होतं. तरी चुन्याचाच आग्रह धरा.

दाराखाली पत्र्याची पट्टी मारा, उंबऱ्याशी पेन्सिल जाणार नाही इतकी खाली. मोरीच्या तोंडाला जाळी बसवा, पण काढून धुता येईल अशी, नाहीतर भात अडकून पाणी तुंबेल आणि कंटाळून कुणीतरी ती काढून टाकेल. नळाची पाइप भिंतीतून जाते तिथली गोल फट लोक हमखास विसरतात.

घराबाहेर पाहा, झावळ किंवा फणसाची फांदी कौलांवर टेकलेली आहे का? असेल तर ती आधी तोडा, निदान मीटरभर अंतर पडू द्या. नाहीतर खाली सगळं बुजवूनही वरून रस्ता मोकळाच. घराजवळच्या माडांना जमिनीपासून साधारण दोन मीटरवर 40 सेंटिमीटर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळतात, बागायतदार हे नारळ वाचवण्यासाठी करतात. करवंटीचीच युक्ती ती. मात्र शेजारच्या माडाच्या झावळ्या एकमेकांत गुंतलेल्या असतील तर पत्र्याचा काही उपयोग नाही. लाकडांची रास आणि पेंढा भिंतीला लागून रचू नका. तांदूळ, कुळीथ, सोडे, आंबोशी पत्र्याच्या नाहीतर स्टीलच्या डब्यात ठेवा. प्लास्टिकचा डबा किती टिकतो, हे तुम्ही पाहिलंच आहे.

क्रमही सांभाळा. सगळी भोकं एका दिवसात बंद केलीत तर आतले उंदीर आतच अडकतील, मरतील, आणि तो आठवडाभराचा वास पुन्हा येईल. आधी बहुतेक फटी बंद करा, दोन राहू द्या, त्यांच्या आतल्या बाजूला सापळे लावा. मोठा उंदीर नवीन वस्तूला बिचकतो, म्हणून पहिल्या तीन रात्री सापळा न ताणता नुसतं आमिष ठेवा. सुक्या बोंबलाचा तुकडा किंवा भाजलेलं खोबरं. सापळा भिंतीला चिकटून हवा, खोलीच्या मध्ये ठेवून काही मिळत नाही. चार-पाच रात्री काहीच सापडलं नाही, रांगोळी कोरी राहिली, की शेवटची दोन भोकं बुजवा.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं मला अडथळा वाटत नाही. चतुर्थीला आपण मूर्तीच्या पायाशी उंदीर बसवतो, त्याला मोदक दाखवतो. 84 वर्षं ते मनापासून केलेल्या बाईला घरात विष टाकताना बघवत नसेल, तर त्यात नवल काय? फटी बुजवण्यात मारणं नाही, हे त्यांना समजावून सांगा. सापळ्यांच्या बाबतीत मात्र मी तुमच्याशी खरं बोलते. पिंजऱ्यात धरून दूर सोडलेला उंदीर बहुधा अनोळखी जागी मरतो, नाहीतर दुसऱ्याच्या घरात शिरतो. म्हातारं माणूस आणि 3 वर्षांचं मूल असलेल्या घरात, आत राहिलेल्या चार-सहा उंदरांसाठी मी झटक्यात मारणारा चापाचा सापळाच लावेन. सासूबाईंना ते नकोच असेल तर पिंजरा लावा, पण मग रोज पहाटे तो तपासायची जबाबदारी कुणीतरी घ्या. पिंजऱ्यात उपाशी ठेवणं हे मारण्यापेक्षा वाईट. गोंदाचा कागद कुठल्याही कारणाने आणू नका. जनावर त्यात तासन्‌तास जिवंत तडफडतं, आणि पाल, सरडा, पक्ष्याचं पिल्लूही त्यालाच चिकटतं.

आणखी एक. सासूबाईंनी या घरात साठ-पासष्ट वर्षं काढली असतील. कुठल्या भिंतीत पूर्वी कोनाडा होता, कुठली मोरी नंतर बुजवली, जातं कुठे होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसणार. बुजवलेल्या मोऱ्या हा उंदरांचा आवडता रस्ता असतो. त्यांना खुर्चीत बसवा आणि विचारा.

विषाबद्दल माझं मत ठाम आहे: नात जिथे येणार त्या घरात ते नकोच. वड्यांमधलं ब्रोमाडायोलोनसारखं औषध रक्त गोठू देत नाही. उंदीर खाल्ल्यावर लगेच मरत नाही, काही दिवसांनी मरतो, आणि तोवर कुठल्या फळीमागे गेलेला असतो ते तुम्ही अनुभवलंत. तो अर्धमेला उंदीर मांजराने किंवा गव्हाणी घुबडाने खाल्ला तर विष त्यांच्याही पोटात जातं. त्या विषावर निदान के जीवनसत्त्वाचा उतारा आहे. काळी भुकटी, म्हणजे झिंक फॉस्फाईड, आणि ट्यूबमधली पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट यांच्यावर नेमका उतारा नाही. पेस्ट पोटात गेलेलं माणूस एक-दोन दिवस ठीक दिसतं आणि मग यकृत निकामी होतं. घरात यांतलं काही शिल्लक असेल तर आजच मुलांच्या हाताला लागणार नाही असं कुलपात ठेवा. चुकून कुणाच्या पोटात गेलंच तर मिठाचं पाणी पाजून ओकवत बसू नका, त्रास दिसायची वाटही पाहू नका. वेष्टन सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

मांजर पाळायची हौस असेल तर जरूर पाळा. लहान उंदरांना तिचा वचक बसतो. मोठ्या उंदराशी आणि घुशीशी ती सहसा भांडत नाही. आवाजाने उंदीर पळवणारी यंत्रं मी सुचवत नाही. तो आवाज भिंतीपलीकडे जात नाही आणि उंदीर त्याला सरावतात.

स्लॅबबद्दल थोडक्यातच. तुमच्याच वाडीत स्लॅबची घरं असतील, त्यातल्या कितींवर गळतीमुळे पुन्हा पत्र्याचं छप्पर आलंय ते मोजा, आणि स्लॅब-पत्र्याच्या मधल्या जागेत काय राहतं ते त्या घरच्यांना विचारा. घर बदलायचं असेल तर इतर कारणांनी बदला, सवडीने, सासूबाईंच्या मनाला समजून. उंदरांसाठी एवढा खर्च नको.

साफसफाईची एक खबरदारी मात्र आत्ताच घ्या. कोकणात दर पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण निघतात. तो जंतू उंदराच्या मुतातून बाहेर पडतो आणि ओल्यातून, चिखलातून, पायाच्या चिरेतून किंवा डोळ्या-तोंडातून आपल्या अंगात शिरतो. लेंड्याही कोरड्या केरसुणीने झाडू नका, धूळ उडते. हातमोजे घाला, नाका-तोंडाला फडकं बांधा. एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिसळून शिंपडा, पाच-दहा मिनिटं भिजू द्या, मग कागदाने उचला. ब्लीच दुसऱ्या कुठल्या फिनेलात किंवा ॲसिडात मिसळू नका. घरात कुणाला एकाएकी जोराचा ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना "घरात उंदीर आहेत" हे आपणहून सांगा. आणि अडगळीत हात घालण्याआधी काठीने ढवळा. उंदरामागोमाग धामण येते तशी घोणसही येते.

वेळेचं बोलायचं तर आत्ता भात पिकलंय. कापणी झाली की शेतातले उंदीर घरांकडे वळतात. म्हणून खालची भोकं, दारं, मोरी या आठ-दहा दिवसांत उरका. वळचणीचं काम मे महिन्यात, कौलं परतायला गडी येतील तेव्हा. कौलं उतरलेली असतानाच जाळीची पट्टी रिपेला ठोकून घ्या, मृगाच्या आत. जाळीमुळे वाराही खेळता राहील.

सुनेच्या शब्दांनी तुम्ही दुखावला आहात, ते पत्रात लपत नाही. पण तिने मुलीच्या उशापाशी फोडलेला डबा पाहिला. तिच्या जागी तुम्हीही हेच म्हणाला असता. तेव्हा सगळं घर व्हायची वाट पाहू नका. दिवाळीपर्यंत एकच खोली पक्की करा, ओटीजवळची, जिथे ती मायलेकी झोपतील. दार, खिडकी, वरच्या फळ्यांचे सांधे, एवढंच काम. दोन दिवसांत होईल. मग त्या खोलीत रांगोळी पसरा. तीन रात्री ती कोरी राहिली की सुनेला फोन करा, आणि "आता उंदीर नाहीत" असं न सांगता व्हिडिओवर ती खोली दाखवा, खडूच्या खुणा आणि त्यावर बसवलेली जाळी दाखवा. सासूबाईंनी सांगितलेली जुनी मोरी सापडली असेल तर तीही. यायचं की नाही ते तिला ठरवू द्या.